समृद्धीची पाहुणी

समृद्धी चार वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. धाराशिवच्या दवाखान्यात तिचे कान तपासले होते, ते चांगले निघाले. जीभही मोकळी होती. आजोबांची मेंढरं ओढ्यापलीकडं असतानाच तिला त्यांची चाहूल लागायची आणि ती दारात जाऊन उभी राहायची. पण भूक लागली तर नुसती ताटाजवळ बसायची, झोप आली तर आजीचा पदर ओढायची, आणि रडायचीसुद्धा आवाज न करता. डॉक्टर म्हणाले होते, हिच्याशी सतत बोलत राहा. त्यावर तिची आजी हरणाबाई म्हणाली होती, "बोलायचं काय? घरात दोन म्हातारी माणसं. आमीच दिसभरात एकमेकांशी चार शब्द बोलतो."

त्यांचं घर हिंगणवाडीपासून लांब, माळावर होतं. आजोबा, श्रीमंत त्यांचं नाव, मेंढरांमागं जायचे. मुलगा मल्हार चाकणला एका कंपनीत होता, दिवाळीला यायचा. सून महादेवी तीन वर्षांपूर्वी तापानं वारली, तेव्हा समृद्धी अकरा महिन्यांची होती. सोनाली या गावात अंगणवाडी सेविका म्हणून आली ती त्यानंतर, त्यामुळं तिला एवढंच ठाऊक होतं.

फेब्रुवारीत तालुक्याच्या गावी, वाशीला, तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यात एका बाईंनी खोट्याखोट्या खेळाबद्दल सांगितलं. चहा नसताना चहा करायचा, मोबाईल नसताना फोन लावायचा. त्या म्हणाल्या, "लेकराला शिकवायला जाऊ नका. ते खेळात जे करतंय ते खरं माना. त्याला एक शब्द द्या आणि गप बसा. मनात दहा मोजा. बोलायला लेकराला जागा लागते, ती आपणच खाऊन टाकतो."

सोनालीला हे पटलं. परत आल्यावर तिनं अंगणवाडीच्या एका कोपऱ्यात सतरंजी टाकली. बिस्किटाच्या डब्याची चूल केली, त्यावर एक छोटं पातेलं आणि शेजारी प्लॅस्टिकचे कप ठेवले. इतर पोरं पहिल्याच दिवशी तुटून पडली. समृद्धी चौथ्या दिवशी आली, तेही सगळी पोरं खिचडीला उठून गेल्यावर.

तिनं पातेलं चुलीवर ठेवलं. हातानं ढवळलं. सोनाली समोर बसून म्हणाली, "चहा." आणि गप बसली. समृद्धीनं एक कप सोनालीपुढं ठेवला, एक स्वतःपुढं. मग तिसरा कप उचलला, गुडघ्यांवर सरकत गेली आणि दाराच्या चौकटीला लागून, जिथं कुणीच नव्हतं तिथं, जपून ठेवला.

लेकरू करतंय ते खरं माना. सोनालीनं त्या रिकाम्या जागेकडं बघून मान हलवली. "पाहुणी आली व्हय? बसा, पाहुणीबाई."

समृद्धीनं वळून सोनालीच्या डोळ्यांत बघितलं. अंगणवाडीत यायला लागल्यापासूनच्या दीड वर्षात पहिल्यांदा. सोनालीला एवढा आनंद झाला की तिचे दहा आकडे मोजायचे राहून गेले.

त्यानंतर रोज खिचडीच्या वेळेला चहा व्हायला लागला. सहाव्या दिवशी समृद्धी "चा" म्हणाली. मग "घे". मग "गरम". मदतनीस कडूबाई पळी हातात घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. सोनालीनं एका वहीत तारीख घालून शब्द लिहायला सुरुवात केली. मार्च संपेपर्यंत अठरा शब्द झाले.

त्यातले काही शब्द मात्र सोनालीनं दिलेले नव्हते.

पातेल्यातून ओतताना समृद्धी म्हणायची, "हालू." सोनाली म्हणायची, "व्हय, हळू ओत, सांडंल." समृद्धी मान हलवायची आणि पातेल्याकडं बोट दाखवून पुन्हा म्हणायची, "हालू." दाराकडं तोंड करून म्हणायची, "बा." सोनाली सांगायची, "बा चाकणला गेलाय, कामाला." तेही तिला पटायचं नाही. बाहुली मांडीवर थोपटताना ती एक शब्द पुटपुटायची, "निद्दी, निद्दी." हा तर सोनालीनं कधी ऐकलाच नव्हता. तिनं तो वहीत लिहिला आणि पुढं प्रश्नचिन्ह केलं.

कडूबाईच्या लक्षात दुसरंच काही आलं होतं. "ताई, एक बघा," ती एकदा फरशी पुसता पुसता म्हणाली. "पोरं दारातून आत येताना एका बाजूनंच येतात. त्या चौकटीपाशी कुणी पाय देत न्हाय."

"समृद्धी ओरडत आसंल त्यांना."

"ती कवा ओरडलीय कुणाला?"

सोनालीनं दुसऱ्या दिवशी बघितलं. खरं होतं. अठ्ठावीस पोरं धावत बाहेर जायची आणि त्या जागेपाशी आली की पाण्यात दगड असावा तशी वळून जायची. एकमेकांना ढकलणारीसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "तितं बसलंय की." कोण, ते कुणाला सांगता आलं नाही.

सोनाली घाबरट नव्हती. लेकरं एकमेकांचं बघून खेळतात, एकीनं पाहुणी मानली की सगळे मानतात, हे तिला ठाऊक होतं. प्रशिक्षणातल्या बाईंना दाखवायचं म्हणून तिनं एक दिवस मोबाईल खिडकीत उभा करून चहाचा खेळ टिपला. घरी जाऊन दुपारी जेवल्यावर बघायला बसली.

खेळताना जे जाणवलं नव्हतं ते तिला त्यात दिसलं. समृद्धी काहीतरी बोलायची, मग थांबायची. चौकटीकडं बघत राहायची. कधी थोडं थांबायची, कधी बराच वेळ. मध्येच मान डोलवायची. आणि मग उत्तर द्यायची. लहान पोरं खोट्या फोनवर बोलतात तेव्हा मध्ये थांबत नाहीत, थांबली तरी सगळ्या वेळा सारखीच थांबतात. ही मात्र समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबत होती. एकदा तर ती बोलायला लागली आणि मध्येच गप झाली, जशी मोठ्या माणसानं बोलणं तोडल्यावर लेकरं होतात. त्या सगळ्या वेळात पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. सोनालीनं मोबाईल पालथा ठेवला आणि उगाचच उठून दार उघडं टाकलं.

शेजारच्या शाळेत शंभुलिंग गुरुजी होते, कर्नाटकाच्या शिवेवरच्या मुरूमकडचे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सोनालीनं त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा वर केला.

"म्याडम, हे कानडी हाय. हालु म्हंजे दूध. बा म्हंजे ये. निद्दी म्हंजे झोप. आमच्याकडं आया लेकरांशी असंच बोलतात. कुणाचं पोरगं हाय?"

सोनालीनं सांगितलं. कडूबाई तिथंच होती. ती म्हणाली, "तिची आई तिकडचीच की. आळंदकडची. म्हातारा पूर्वी मेंढरं घेऊन तिकडं जायचा, तितंच सोयरीक जमली."

"मग आईकडून ऐकलं आसंल," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, आई गेली तवा ही अकरा म्हैन्याची व्हती. तवापास्नं त्या घरात कानडीचा एक शब्द न्हाय."

गुरुजींनी वही मिटून परत दिली. ते हसले, पण त्यांचं लक्ष अंगणवाडीच्या दाराकडं होतं. त्या दिवसानंतर ते त्या दारातून आत आले नाहीत, बाहेरूनच हाक मारायचे.

सोनालीनं ठरवलं, कुठून का येईना, लेकरू बोलतंय. तिनं हरणाबाईला निरोप धाडला, एकदा येऊन नात कशी बोलते ते बघून जा.

हरणाबाई एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली. ऊन चढलेलं होतं. डोक्यावरचा पदर नीट करून ती भिंतीला टेकून बसली. समृद्धीनं तिच्याकडं बघितलं आणि खेळात दंग झाली. "चा घे, आजी," असं तिनं म्हटल्यावर म्हातारीनं तोंडाला पदर लावला. डोळे भरून आले होते तिचे. सोनालीलाही भरून आलं.

मग समृद्धीनं तिसरा कप चौकटीपाशी ठेवला. थांबली. बराच वेळ ऐकत राहिली. नंतर हरणाबाईकडं वळली, दोन्ही हात पुढं पसरले आणि म्हणाली, "अत्ती, नन्न कूसु कोडरी."

तो आवाज तिचाच होता. पण बोलण्याची ढब लेकराची नव्हती. दमलेलं माणूस श्वास पुरवून पुरवून बोलतं तसं ती बोलली. आणि पुन्हा म्हणाली, "कूसु कोडरी, अत्ती."

हरणाबाई उठली. कप लाथेनं कलंडला तिकडं तिचं लक्ष नव्हतं. तिनं नातीला काखेत मारलं आणि चपला न घालताच बाहेर पडली. सोनाली मागं पळाली, तर म्हातारी न वळता म्हणाली, "ताई, तुमी माझ्या घरात पुन्यांदा येऊ नगा."

आठ दिवस समृद्धी आली नाही. चहाचा खेळ इतर पोरं खेळत होती, पण चौकटीपाशी कुणी कप ठेवत नव्हतं आणि तिथून कुणी जातही नव्हतं. नवव्या दिवशी सोनाली आहाराची पाकिटं पिशवीत घालून माळावर गेली. पाकिटं पोचवणं तिचं कामच होतं, त्याला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं.

हरणाबाई पत्र्याच्या सावलीत लोकर निवडत होती. समृद्धी तिच्याजवळ बसली होती. सोनालीनं हाक मारली, तिनं मान वर केली, पण तोंड मिटलेलं. पूर्वीसारखंच.

"बोलत न्हाय का आता?"

"न्हाय," हरणाबाई म्हणाली. "हितं आल्यापास्नं एक शब्द न्हाय." मग तिनं पाणी आणून दिलं आणि समोर बसली. जा म्हणाली नाही.

ती आपणहून बोलायला लागली. "महादेवी आली तवा तिला मराठी येत न्हवतं. बायका हसायच्या. म्या म्हणलं, हितं आल्यावर आपलं बोलायचं, त्ये सोड. तर तिनं बोलायचंच सोडलं. पोरगी झाल्यावर तिच्याशी बोलायची, वाड्यात मेंढरांपाशी बसून. म्या गेले की गप."

"ती गेली त्या दिशी काय झालं, आजी?"

"चार दिस ताप हुता. लेकरू अंगावर पीत हुतं. तापाचं दूध बाधंल म्हणून म्या लेकरू काढून घेतलं, गावात गजराबाई म्हणून हाय तिच्या घरी दिलं. मग हिला धाराशिवच्या दवाखान्यात न्यायला जीप आणली. वाशीच्या पुढं निघालो तशी ही बोलाया लागली. मराठीत न्हाय. सारखं एकच. अत्ती, कूस. कूस, कूस. माझ्याकडं हात पसरायची." हरणाबाईनं स्वतःच्या बरगडीखाली हात ठेवला. "म्हणलं हिची कूस दुखतिया. म्या तिची कूस चोळत बसले, ताई. वाशीपास्नं येरमाळ्यापतुर. ती माझे हात बाजूला सारायची आन् म्या पुन्ना चोळायची. डायवरनं बी सांगितलं, जोरात चोळा. येडशीच्या आलीकडं गेली ती."

समृद्धी दोघींकडं बघत होती.

"त्या जीपमदी म्या हुते, मल्हार हुता आन् डायवर. लेकरू तितं न्हवतं," हरणाबाई म्हणाली. "त्या दिशी तिनं जे म्हणलं त्येच ही बोलली. त्याच आवाजात. मला सांगा, हिला कुणी सांगितलं?"

सोनाली उठून मेंढरांच्या वाड्याकडं गेली आणि शंभुलिंग गुरुजींना फोन लावला. ऐकलेलं वाक्य तिनं जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"अत्ती म्हंजे सासूबाई," ते म्हणाले. "कूसु म्हंजे लेकरू. सासूबाई, माझं लेकरू द्या. कोण म्हणतंय म्याडम असं?"

तिनं फोन ठेवला. वाड्याच्या काटेरी कुंपणाला लोकरीचे पुंजके अडकले होते, ते ती काढत राहिली. सांगावं की नाही? म्हातारी आपल्या समजुतीत जगत होती, सुनेची कूस दुखत होती आणि आपण ती चोळत होतो. तेवढाच तिला आधार होता. पण मग सोनालीला समृद्धीचं मिटलेलं तोंड दिसलं. ती परत येऊन बसली आणि हरणाबाईचा हात धरून तिनं सांगितलं.

हरणाबाई रडली नाही. तिनं लोकर खाली ठेवली. "हात पसरत हुती," ती म्हणाली. "म्हंजे कूस चोळायला न्हाय. लेकरासाठी." सोनाली निघाली तेव्हा ती तशीच बसून होती.

दुसऱ्या दिवशी खिचडीच्या वेळेला म्हातारी नातीला कडेवर घेऊन अंगणवाडीत आली. उन्हातून चालून आल्यानं दोघी घामेजल्या होत्या. कडूबाईनं इतर पोरांना ओट्यावर वाढलं आणि स्वतः दाराच्या आत उभी राहिली.

"खेळ, बाय," हरणाबाई समृद्धीला म्हणाली. "म्या बी खेळते."

चूल मांडली. चहा झाला. हरणाबाईनं रिकामा कप तोंडाला लावला, "लई ग्वाड झालाय," म्हणाली. समृद्धीनं तिसरा कप चौकटीपाशी नेऊन ठेवला आणि ऐकत बसली. सोनाली मनात आकडे मोजत होती. दहा झाले, वीस झाले. बाहेर पोरांचा गलका अचानक थांबला.

समृद्धीनं हात पसरले. "अत्ती, नन्न कूसु कोडरी."

हरणाबाई गुडघे धरून उठली. तिनं नातीला उचललं, दोन पावलं चालली आणि त्या जागेवर, जिथं दीड महिना कुणी पाय दिला नव्हता, तिला खाली बसवलं.

"घे, बाई," ती म्हणाली. "तुझं लेकरू. मला कळलं न्हाय तवा. घे."

समृद्धी तिथं बसली. मग हळूहळू मागं रेलली. चौकट तिच्या उजवीकडं होती, पाठीमागं काहीही नव्हतं, नुसती उघडी फरशी. तरी ती रेलत गेली, डोकं मागं टाकलं, आणि तशीच अधांतरी टेकून राहिली. मोठ्या माणसालाही तसं बसता आलं नसतं. तिनं अंगठा तोंडात घातला. तिच्या कपाळावरची एक बट आपोआप बाजूला झाली आणि कानामागं जाऊन बसली. पंखा बंद होता, वाराही नव्हता.

कडूबाईनं भिंतीला हात टेकला. हरणाबाई मात्र जवळच उकिडवी बसून बघत राहिली, जशी सून लेकराला पाजत असताना सासू बसते.

किती वेळ गेला ते तिघींपैकी कुणालाच सांगता आलं नाही. समृद्धीला झोप लागली तशी ती अलगद फरशीवर आडवी झाली, कुणीतरी उतरवून ठेवावं तशी. डोकं आपटलं नाही. बाहेर पोरांनी पुन्हा दंगा सुरू केला आणि त्यातलं एक पोरगं ताट घेऊन पाणी मागायला धावत आत आलं, सरळ त्याच जागेवरून.

त्यानंतर पाहुणी आली नाही. समृद्धीचं बोलणं मात्र सुटलं. सोनालीनं चुलीबरोबर दुकान मांडलं, तुळजापूरची एसटी मांडली, आजारी मेंढराचा दवाखाना मांडला. समृद्धी कंडक्टर व्हायची आणि उतरा उतरा म्हणून सगळ्यांना दटावायची. जूनमध्ये तिचे शब्द मोजणं सोनालीनं बंद केलं, ते मोजण्यापलीकडं गेले होते. घरीही हरणाबाई लोकर निवडता निवडता मेंढरू व्हायची आणि नात तिला सुई टोचायची.

पण एक गोष्ट सोनालीच्या लक्षात आली आणि तिनं ती कुणाला सांगितली नाही. त्या दुपारनंतर समृद्धीच्या तोंडून कानडीचा एकही शब्द आला नव्हता.

श्रावणात हरणाबाईनं आळंदला निरोप धाडला. महादेवी गेल्यापासून तिच्या माहेराशी येणं-जाणं तुटलं होतं. तिचा भाऊ बसप्पा दोन बस बदलून आला. सोनालीलाही म्हातारीनं बोलावून घेतलं होतं. बसप्पानं भाचीला जवळ घेतलं आणि तिच्याशी आपल्या भाषेत बोलायला लागला, हसत, भराभरा. समृद्धी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग आजीला म्हणाली, "आजी, ह्यो मामा काय म्हनतोय? मला काय बी कळंना."

बसप्पाचं हसू मावळलं. थोड्या वेळानं त्यानं मोडक्या मराठीत विचारलं, "आमची अक्का शेवटी काय बोलली? तुम्ही तेव्हा म्हणाला, काहीच बोलली नाही."

हरणाबाईनं भाकरीचा तवा खाली उतरवला. सोनालीला वाटलं, आता ही काहीतरी सावरून सांगेल.

"बोलली," हरणाबाई म्हणाली. "लेकरू मागत हुती. म्या दिलं न्हाय. मला तिचं बोलणं कळत न्हवतं, आन् त्ये शिकावं आसं मला कवा वाटलं न्हाय."

बसप्पा उठून अंगणात गेला आणि पाठ करून उभा राहिला. हरणाबाई चुलीपाशी बसून राहिली. समृद्धी एकटीच त्याच्यामागं गेली. तिनं त्याचं बोट धरलं आणि वाड्याकडं ओढत नेलं, आणि कोणतं मेंढरू मारकं आहे, कुणाला पिल्लू झालंय, कुणाचा पाय मोडला होता, हे त्याला सांगत सुटली. त्यातलं त्याला निम्मंच समजत असावं. तो तिच्यासमोर खाली बसला आणि ऐकत राहिला.